चवीपुरतं शून्य

चहात साखर किती, हे आपल्याकडे पूर्वी कुणी विचारत नसे. ज्या घराचा जसा चहा, तसा पाहुण्यानं निमूट प्यायचा. फार तर ‘गोड नाही ना झाला जास्त?’ असं विचारत, पण तोवर बशी रिकामी झालेली असे. आता कुणाकडेही गेलं की आधी चौकशी होते. साखरेचा घेणार, गुळाचा, गोळीचा, पुडीचा की थेंबांचा? स्पष्टवक्ता पाहुणा उत्तर देऊन मोकळा होतो. भिडस्त असेल तो ‘तुमचा होईल त्यातलाच घोटभर’ म्हणतो. घरात एकाच वेळी तीन प्रकारचे चहा होत असले, तर ‘तुमचा’ म्हणजे नेमका कुणाचा, यावर आत कुजबुज सुरू होते.

महाराष्ट्रात राहून साखर सोडणं तसंही सोपं नाही. १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून साखर हा आपल्याकडे खाण्याइतकाच निवडून येण्याचाही पदार्थ झाला. अशा राज्यात चहातून साखर वगळायची म्हणजे जवळजवळ पक्षांतरच. ते आम्ही केलं, अर्थात डॉक्टरांच्या आदेशावरून. त्यांनी माझे आणि बायकोचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि पोळी, भात, बटाटा, साखर अशी एकेक नावं घेत फुल्या मारल्या. मी नुसती मान हलवली. बायकोनं वही काढली.

बायको बँकेतून निवृत्त झालेली. दिवसअखेर हिशेब जुळल्याशिवाय उठायचं नाही, ही तिची आयुष्यभराची शिस्त. आता उघडली कर्बोदकांची खतावणी. दिवसाची मर्यादा २० ग्रॅम. हा आकडा ॲटकिन्सचा. रॉबर्ट ॲटकिन्स हे न्यूयॉर्कचे हृदयरोगतज्ज्ञ. त्यांच्या १९७२ साली निघालेल्या पुस्तकानं जगभरातल्या पावांची झोप उडवली. त्यांच्या पथ्याच्या पहिल्या टप्प्यात दिवसाला साधारण २० ग्रॅम कर्बोदकं चालतात. आपली एक बऱ्यापैकी पोळी पंधरा-वीस ग्रॅमची असते. म्हणजे सकाळी एक पोळी खाल्ली की त्या दिवशीचा व्यवहार बंद, खिडकी खाली.

मग ओट्यावर डिजिटल काटा आला. ज्या ओट्यावर आजवर ‘चिमूटभर’, ‘मूठभर’, ‘बोटाच्या पेराएवढं’ आणि सर्वांत व्यापक असं ‘चवीपुरतं’ ही मापं सुखानं नांदत होती, तिथे हा ग्रॅमचा दशांश दाखवू लागला. आमच्या आईचा सगळा स्वयंपाक अंदाजपंचे दाहोदर्से होता आणि तो कधी चुकला नाही. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७० मध्ये वाटी-चमच्याचं माप घरात आणलं, तेव्हा आईनं ते पुस्तक आदरानं फळीवर ठेवलं आणि मीठ हातानंच घातलं. गोडाची मापं तर बोटांवरच असत. पाक एकतारी झाला की दोनतारी, हे अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्येच कळायचं. काट्याला तार दिसत नाही.

साखरेच्या जागी आली पुडी. अमेरिकेत हॉटेलच्या टेबलावर या पुड्या रंगावरून ओळखतात. गुलाबी सॅकरीनची, निळी ॲस्पार्टेमची, पिवळी सुक्रॅलोजची, हिरवी स्टीव्हियाची. न्यू जर्सीहून आलेल्या भाचीनं मामा-मामीसाठी पिवळ्या आणल्या. जोडीला त्याच सुक्रॅलोजची एक मोठी पिशवी. आत साखरेसारखं दिसणारं, पण कापसाइतकं हलकं काहीतरी. जिथे वाटीभर साखर घालाल तिथे हे वाटीभर घालायचं, इतकं सोपं. पुडीवर शून्य कॅलरी लिहिलेलं, पिशवीवरही शून्य. बायकोनं खतावणीत त्या रकान्यात एकदाच मोठं शून्य काढलं आणि वरपासून खालपर्यंत रेघ ओढली.

“मामी, ते शून्य खरं धरू नकोस,” भाची म्हणाली.

बँकेत काम केलेल्या बाईला ‘शून्य खरं नाही’ असं सांगणं धाडसाचं होतं. पण भाचीचं म्हणणं बरोबर होतं. सुक्रॅलोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड. चमचाभर साखरेचं काम त्याचे सातेक मिलिग्रॅम करतात. एवढा कण चिमटीत येणार नाही आणि सांडला तर सापडणार नाही. म्हणून त्यात डेक्स्ट्रोज आणि माल्टोडेक्स्ट्रिन मिसळून पुडी फुगवतात. ग्रॅमभराच्या पुडीत गोडी बारा मिलिग्रॅमची, बाकी सगळा भराव. आणि भराव कर्बोदकांचा. अमेरिकेतला नियम असा, की एका वेळच्या वाढण्यात पाचापेक्षा कमी कॅलरी असल्या तर लेबलावर शून्य छापायला हरकत नाही. पुडीत तीन-साडेतीन असतात. कर्बोदकं अर्ध्या ग्रॅमच्या आत असली तर तीही शून्य. एका ग्रॅमच्या आत असली तर ‘एक ग्रॅमपेक्षा कमी’ एवढं लिहिलं की भागतं. पिशवीवर एका वेळचं माप दिलं होतं चहाचा एक चमचा, वजन अर्धा ग्रॅम.

“आणि अमेरिकन कपात चमचे किती?” बायकोनं विचारलं.

“अठ्ठेचाळीस.”

बायकोनं कॅल्क्युलेटरला हातही लावला नाही. “म्हणजे कपाला चोवीस ग्रॅम.”

घरात काही क्षण शांतता पसरली. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त शून्याचे नियम सांगताना शून्याला कशानंही गुणलं तरी शून्यच येतं, हे निःसंदिग्धपणे सांगून ठेवलंय. तेव्हापासून चौदाशे वर्षं या नियमाला कुणी धक्का लावला नव्हता. अमेरिकेतल्या लेबलानं शून्याला अठ्ठेचाळीसनं गुणून चोवीस आणून दाखवले.

कंपनी खोटं बोलत होती असं मला म्हणायचं नाही. कपभर साखरेत कर्बोदकं २०० ग्रॅम. त्यापुढे चोवीस म्हणजे किरकोळच. ॲटकिन्सच्या अनुयायांनी तर हे केव्हाच ओळखलं होतं. लेबल काही म्हणो, ते पुडीमागे एक ग्रॅम धरतात. सगळी गंमत आहे ती ‘एका वेळच्या वाढण्या’त. वाढणं पुरेसं लहान केलं की जगातला कोणताही पदार्थ शून्यात बसतो. अमेरिकेत टिकटॅक नावाच्या गोळ्या मिळतात. जवळजवळ सगळी साखरच. पण एका गोळीचं वजन ०.४९ ग्रॅम आणि एका वेळचं वाढणं म्हणजे एक गोळी, म्हणून साखर शून्य. हा न्याय आपल्या काटेरी हलव्याला लावून बघा. संक्रांतीच्या हलव्याचा एक दाणा अर्ध्या ग्रॅमपर्यंत कुठला पोचायला! म्हणजे नव्या सुनेच्या अंगावरचे हलव्याचे दागिने, मंगळसूत्रापासून बाजूबंदापर्यंत, दाण्यादाण्यानं मोजले तर बिनसाखरेचे ठरतात. बोरन्हाणाला पोरं हलवा वेचून खातात, तीही एकेक दाणाच खातात.

एका वेळी किती वाढायचं हे खाणाऱ्यानं ठरवायचं नसतं, ही गोष्ट मात्र आपल्याला नवी नाही. पंगतीत ते वाढप्याच्या हाती असे. ‘पुरे’ म्हणत पानावर आडवा हात धरावा, तर त्या हाताच्या बोटांमधून जिलबी पानात उतरे. दोन जिलब्यांचं माप, म्हणजे खाणाऱ्याच्या बाजूनं दोन आणि आग्रह करणाऱ्याच्या बाजूनं सहा. फरक एवढाच, की आपला वाढपी खऱ्यापेक्षा कमी सांगून जास्त वाढायचा आणि लेबल कमी वाढून त्याहूनही कमी सांगतं. दोघांचाही हेतू एकच, समोरच्यानं आणखी घ्यावं.

बायकोनं मग शून्यावरची रेघ खोडली आणि रीतसर मोजणी सुरू केली. पहिली परीक्षा पाडव्याच्या श्रीखंडाची. आमच्याकडे चक्क्याइतकीच साखर घालतात. पाव किलो चक्क्याला पाव किलो साखर म्हणजे हिशेबानं तीसेक पुड्या. घरातल्या सगळ्यांनी गोल बसून पुड्या फाडल्या. टराटर आवाज, टोपलीत पिवळ्या कागदांचा ढीग, आणि पातेल्यात जेमतेम मूठभर पांढरी भुकटी. ती घालून फेटल्यावर वेगळाच घोटाळा लक्षात आला. श्रीखंड अर्धंच झालं होतं. इतकी वर्षं आपण ज्याला श्रीखंड म्हणत होतो त्यात निम्मी साखर होती, हे कळायला ती काढावी लागली. शिवाय साखर चक्क्यात विरघळून त्याला जी सैल, लोळणारी चाल देते, ती गेली. चमचा उभा राहील असं घट्ट श्रीखंड. चवीला उत्तम, पण वाढताना पातेल्याच्या तळाचा आवाज फार लवकर आला.

भराव वगळून नुसत्या गोडीचा हिशेब केला तर तो सराफाच्या तराजूत शिरतो. गुंज म्हणजे साधारण १२१ मिलिग्रॅम. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. त्या पाव किलो साखरेच्या गोडीला शुद्ध सुक्रॅलोज लागेल साडेतीन गुंजा. एका तोळ्यात सात किलो साखर. आपल्या वाडवडिलांनी धान्याला चिपटं-मापटं-पायली ठेवली आणि सोन्याला गुंज, त्यात दूरदृष्टी असणार. गोडी एक दिवस धान्याच्या मापातून सोन्याच्या मापात जाईल, हे मात्र त्यांना सुचलं नसावं.

लाडवांची पाळी आली तेव्हा भाचीनं एरिथ्रिटॉल सुचवलं. हे साखरेपेक्षा कमी गोड, साठ-सत्तर टक्के, त्यामुळे भराव लागत नाही. उलट साखरेहून जास्तच घालावं लागतं. दिसायला थेट पिठीसाखर. बायकोनं पाकीट वाचलं आणि ती हबकली, कारण त्यावर शंभरात जवळजवळ शंभर ग्रॅम कर्बोदकं छापलेली.

“ते धरायचं नाही, मामी,” भाची म्हणाली. “ते अंगी लागत नाही. बहुतेक सगळं जसंच्या तसं लघवीवाटे निघून जातं.”

म्हणजे जिथे शून्य छापलंय तिथे धरायचं आणि जिथे शंभर छापलंय तिथे सोडून द्यायचं. बायकोनं वहीकडे बघत दीर्घ श्वास घेतला. असला ताळेबंद ऑडिटमधून कसा सुटतो, असं काहीतरी ती पुटपुटली. बदामाच्या पिठाचे लाडू मात्र झाले, दिसायला देखणे. एरिथ्रिटॉलची एक खोड आहे. विरघळताना ते उष्णता शोषून घेतं, त्यामुळे जिभेवर गार लागतं. साजूक तुपात भाजलेला, वेलदोडा-जायफळ घातलेला, अजून कोमट असलेला लाडू तोंडात टाकावा आणि तो पेपरमिंटसारखा गारगार लागावा, हा अनुभव वर्णन करण्याजोगा नाही. मी तीन खाल्ले.

माल्टिटॉलबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याचे परिणामही थोडक्यात सांगण्याजोगेच असतात. ‘शुगर-फ्री’ मिठाईत ते पुष्कळदा असतं, त्यातली कर्बोदकं बरीचशी अंगीही लागतात, आणि पाकिटावर जी ‘रेचक परिणाम संभवतो’ अशी सूचना असते ती कंपनी उगाच छापत नाही. शिवाय अशा मिठाईतून साखर काढली तरी खव्यातली दुधाची साखर कुणी काढून घेतलेली नसते.

पलीकडच्या बिल्डिंगमधल्या काकूंना यातलं काहीच लागत नाही. त्यांच्या बाल्कनीत कुंडीत स्टीव्हिया आहे. त्या तिला गोड तुळस म्हणतात आणि कपाला दोन पानं टाकतात. पान मोठं असलं तर दीड. हे झुडूप मूळ पॅराग्वेकडचं. तिथले ग्वारानी लोक त्याची पानं शतकानुशतकं अशीच वापरत, चघळत आले. बायकोनं अर्काची शुद्ध पूड मागवली, तर डबीत एवढासा चमचा निघाला की तो मला कानकोरणं वाटला. चहाच्या चमच्याचा बत्तिसावा भाग, त्यातही भरून नाही, सपाट. काकूंचा चहा रोज वेगळा होतो, आमचा रोज सारखा कडवट. स्टीव्हिया जरा जास्त झाली की मागाहून ज्येष्ठमधासारखी चव रेंगाळते, आणि त्या चमच्यानं ‘जरा जास्त’ व्हायला हात किंचित थरथरला तरी पुरतो.

हे सगळं मोजमाप चालू असताना माझ्या डोक्यात राहून राहून या पदार्थांचे जन्म येत. यातले बरेचसे बोट चाटण्यातून लागलेले शोध आहेत. १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टंटिन फालबर्ग डांबरापासून निघणाऱ्या रसायनांवर काम करत होता. हात न धुता जेवायला बसला, तर पाव गोड लागला. तो उठून प्रयोगशाळेत परत गेला आणि त्यानं टेबलावरच्या भांड्याभांड्यातलं चाटून पाहिलं. ते निघालं सॅकरीन. १९३७ मध्ये मायकल स्वेडानं प्रयोगाच्या टेबलावर ठेवलेली सिगरेट पुन्हा ओठात धरली, ती गोड लागली, ते सायक्लामेट. १९६५ मध्ये जेम्स श्लॅटर अल्सरवरच्या औषधाच्या खटपटीत होता. कागद उचलायला त्यानं बोटाला थुंकी लावली, ते ॲस्पार्टेम. यांच्या आयांनी यांना ‘आधी हात धू’ म्हणून नीट वळण लावलं असतं, तर मधुमेह्यांचे चहा आजही कडूच राहिले असते.

सुक्रॅलोजची कथा तर घरातली वाटते. १९७६, लंडनचं क्वीन एलिझाबेथ कॉलेज, टेट अँड लाइल या साखर कंपनीसाठी चाललेलं संशोधन. साखरेला क्लोरीन जोडून तयार केलेली एक पूड शशिकांत फडणीस या तरुण संशोधकाच्या हाती होती. प्राध्यापक लेस्ली हफ यांनी ती तपासायला सांगितली. फडणिसांनी ऐकलं ते चाखायला सांगितल्याचं. इंग्रजीत हे दोन शब्द कानाला जवळचे, आणि आपण तर दोन्हीला ‘टेस्ट’च म्हणतो. फडणिसांनी जिभेवर ठेवून पाहिलं. क्लोरीन घातलेलं अनोळखी रसायन वरिष्ठांनी सांगितलं म्हणून मुकाट्यानं तोंडात टाकायचं, याला विज्ञाननिष्ठा म्हणावं की नोकरीतली नम्रता, हे मला ठरवता आलेलं नाही. पण न मोजता, न विचारता चाटलेल्या त्या कणाची आज बायको दशांश ग्रॅममध्ये नोंद करते.

नोंदीच्या गडबडीत दूध मात्र निसटत होतं. पुडीतला एक ग्रॅम धरायचा की अर्धा, यावर आमच्यात संध्याकाळभर वाद चाले आणि वाद घालताना दोघांच्या हातात चहा असे. दुधात शंभर मिलिलिटरला पाचेक ग्रॅम कर्बोदकं असतात. अर्धा कप दूध असलेल्या आमच्या आटीव चहात पुडीच्या पाचपट ऐवज होता, आणि तो भांड्यातून थेट डोळ्यांच्या मापानं ओतला जात होता. आमटीतला गुळाचा खडाही कुणी काट्यावर ठेवला नव्हता. गूळ नसलेली आमटी ही पथ्य म्हणून ठीक, पण तिला आमटी का म्हणायचं, असा प्रश्न मी विचारला तेव्हा बायकोनं वही मिटली. पुन्हा उघडली ती दुसऱ्या दिवशी, आणि ‘इतर’ असा एक नवा रकाना आखून. बँकेतले सगळे अडलेले हिशेब शेवटी याच नावाच्या खात्यात जातात, असं तिनंच मला पूर्वी सांगितलं होतं.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या कृत्रिम आणि इतर बिनसाखरी गोडव्यांवर भिस्त ठेवू नका. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना हा सल्ला लागू नाही. सोसायटीच्या ग्रुपवर यातलं पहिलं वाक्य सगळ्यांनी पाठवलं, दुसरं कुणीच नाही. समोरचे अण्णा एवढ्यावर न थांबता जातीनं आले आणि त्यांनी आमच्या पुड्यांकडे करुणेनं पाहिलं. मीही त्यांना बसवून घेतलं आणि अर्ध्या ग्रॅमचा, पाच कॅलरींचा, अठ्ठेचाळीस चमच्यांचा सगळा नियम समजावून दिला. अण्णा रेल्वेतून निवृत्त. नियम कुठे वाकतो हे त्यांना पटकन कळतं.

श्रावणात घरी सत्यनारायण झाला. प्रसादाच्या शिऱ्याला काय घालायचं, यावर बायकोनं चर्चाच होऊ दिली नाही. रवा सव्वा, तूप सव्वा, साखर सव्वा. आपल्या सगळ्या पाकशास्त्रात इतकं काटेकोर माप दुसऱ्या कशाचं नसेल, आणि त्याचं कारण मला त्या दिवशी कढईशेजारी उभा असताना सुचलं. नैवेद्य दाखवण्याआधी प्रसाद चाखता येत नाही. बोट लावून बघायची सोय नाही, तेव्हा माप पाठ असायलाच हवं. फालबर्गपासून फडणिसांपर्यंत कुणालाही हा शिरा करायला ठेवता आलं नसतं.

आरती झाली. बायको द्रोणांऐवजी तळहातावरच प्रसाद देत होती. अण्णांनी उजवा हात पुढे केला.

“वहिनी, आमचं पथ्य आहे. एका वेळचं वाढणं किती?”

बायकोनं चमच्याच्या टोकावर येईल एवढा शिरा त्यांच्या तळहातावर ठेवला. “अर्ध्या ग्रॅमच्या आत आहे, अण्णा. शून्य धरा.”

अण्णांनी तो कण भक्तिभावानं तोंडात टाकला आणि तोच हात पुन्हा पुढे धरला.

“आता असेच आणखी सत्तेचाळीस.”